माननीय वनमंत्र्यांस खुले पत्र : बोरिवलीच्या जंगलातील पायवाटा पायवाटाच राहू द्याव्यात

प्रति,
माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळाले असले, तरी आम्ही बोरिवलीकर या जंगलाला आजही नुसते ‘नॅशनल पार्क’ म्हणतो, आणि आमच्या वडीलधाऱ्यांपैकी काही जण ‘कृष्णगिरी’ म्हणत. गेली तीसेक वर्षे, आठवड्यातून एकदा तरी, मी या जंगलातील वाटांवरून चालत आलो आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोनदा जातो. हे पत्र त्या वाटांविषयी आहे. बोगदे, झोपड्या, सफारी हे विषय मोठे आहेत आणि त्यांवर बोलणारेही पुष्कळ आहेत. पायवाटेची बाजू मांडणारे मात्र फारसे कोणी नाही, म्हणून हा खटाटोप.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल आपण डोंगरातले म्हणून ओळखतो. ते किनाऱ्याचेही जंगल आहे, हे बहुतेक मुंबईकरांच्या ध्यानात नसते. त्याचा उत्तरेकडचा नागला भाग उतरत उतरत थेट वसईच्या खाडीला टेकतो. वर साग, ऐन, कळंब आणि बांबू, खाली तिवर, कांदळ आणि चिपी, आणि दोहोंमध्ये अर्ध्या तासाची चाल. ओहोटीच्या वेळी तेथे उभे राहिले, तर पाठीमागच्या झाडीतून भृंगराज पक्ष्याची शीळ ऐकू येते आणि समोरच्या चिखलात निवटे मासे उड्या मारताना दिसतात. एका महानगराच्या हद्दीला लागून अशी जागा असणे हे आपले भाग्य आहे. शिलोंडा, कान्हेरीचा माथा, गायमुख, येऊर आणि नागला या वाटांवर चालल्याशिवाय ते कळत मात्र नाही. मोटारीतून कान्हेरी लेण्यांपर्यंत जाऊन परत आलेल्या माणसाने १०९ लेणी पाहिलेली असतात. जंगल त्याने पाहिलेले नसते.

म्हणूनच माणसांनी या वाटांवर यावे, असेच माझे मत आहे. जंगल कुलूपबंद करा, असे मी म्हणत नाही. प्रश्न कसे यावे आणि किती यावे, एवढाच आहे.

एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही पाच जण पाड्यातील एका वाटाड्या ताईंबरोबर चाललो होतो. ओढा ओलांडून पलीकडे चढल्यावर ताई थांबल्या आणि त्यांनी हातानेच आम्हाला अडवले. वाटेच्या मधोमध, मऊ चिखलात, तळहाताहून थोडा लहान असा ठसा होता : चार बोटे, मागे गादी, आणि नखांची खूण कोठेही नाही. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, मांजरकुळातले जनावर ती आत ओढून चालते, हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. ताईंनी त्यापुढचे दाखवले. ठशाच्या कडा धारदार होत्या आणि आत पाण्याचा थेंब नव्हता. पाऊस पहाटे थांबला होता. म्हणजे बिबट्या त्यानंतर, आमच्या फार तर तीन तास आधी, याच वाटेने याच दिशेला गेला होता. त्यांनी शेजारचे सागाचे मोठे पान उचलून ठशावर अलगद झाकले, कोणी पाय देऊ नये म्हणून.

दहा मिनिटांनी मागून एक सहल आली. आम्ही बाजूला उभे राहून माणसे मोजली, ती बासष्ट भरली. एकाच्या पाठपिशवीला लटकवलेल्या स्पीकरवर गाणे वाजत होते आणि पुढचा मुलगा हातातील काठीने वाटेवरची कोळ्यांची जाळी तोडत चालला होता. त्या दिवसांत जायंट वूड स्पायडरची सोनेरी धाग्यांची जाळी दोन झाडांमध्ये हात-हातभर पसरलेली असतात, आणि ती चुकवून वाकून जायला दोन सेकंद लागतात. आयोजक कोण होते, हे सांगण्याचे कारण नाही. असे आयोजक आता पुष्कळ झाले आहेत. परतताना पाहिले, तर पान चिखलात रुतले होते आणि त्याखाली ठसा उरला नव्हता. ताई काही बोलल्या नाहीत.

महोदय, त्या ठशाचा अर्थ माझ्या मते असा आहे की ही वाट दोघांची आहे. दिवसा आपण चालतो, रात्री आणि पहाटे तो चालतो. २०१५ च्या कॅमेरा-ट्रॅप (आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) अभ्यासात या जंगलात आणि त्याच्या कडेला ३५ बिबट्यांची नोंद झाली आणि पुढच्या गणनांत हा आकडा वाढत गेला. एवढ्या थोड्या जागेत, एवढ्या मोठ्या शहराला खेटून, एवढे बिबटे राहतात आणि तरीही बहुतेक दिवस कोणाला काही होत नाही, याचे एक कारण म्हणजे दोघांनी आपापल्या वेळा वाटून घेतल्या आहेत. २००२ ते २००४ या काळात हल्ल्यांत अनेक जीव गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. बिबट्यांना दुसरीकडे पकडून येथे आणून सोडण्याच्या तेव्हाच्या पद्धतीकडे अभ्यासकांनी बोट दाखवले, हेही विसरलेलो नाही. आता जर कोणी ‘नाइट ट्रेक’, वाटेवरचे दिवे किंवा पहाटे चारची ‘सनराइज वॉक’ असे प्रस्ताव आपल्यासमोर ठेवले, तर ते वेळापत्रक मोडणारे आहेत, एवढे ध्यानात घ्यावे.

दुसरा मुद्दा मला अधिक काळजीचा वाटतो. वाटेवर गर्दी वाढली की चिखल होतो; चिखल चुकवायला माणसे कडेने चालतात; कडेची झाडी तुडवली जाते, आणि फूटभर रुंदीची वाट दोन-तीन पावसाळ्यांत बैलगाडी जाईल एवढी होते. मग मुळे उघडी पडतात, पाऊस माती वाहून नेतो, वाटेचा ओहोळ होतो. अशा वेळी कोणाला तरी ‘सुशोभीकरण’ सुचते : पेव्हर ब्लॉक, सिमेंटच्या पायऱ्या, रंगवलेले कठडे, सेल्फी पॉइंट. शहरातील टेकड्यांवर हे आपण पाहिले आहे. ठेकेदाराचे काम होते, उद्घाटनाची फीत कापली जाते, आणि वाटेचा रस्ता होतो.

येथे एका वर्षात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातील किती पाणी जंगलाची जमीन पिते आणि किती घरंगळत खाली येते, यावर केवळ हरणे-माकडे अवलंबून नाहीत. १८६० मध्ये पुरा झालेला विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव याच जंगलाच्या पाणलोटात भरतात. दहिसर नदी तुळशीपासून निघते आणि मिठी विहारच्या बाजूने. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या दोन्ही नद्यांनी काय केले, ते येथील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. त्या पुराचा दोष पायवाटांना देण्याइतका मी भोळा नाही. परंतु उतारावरचा प्रत्येक सिमेंटचा पट्टा पाण्याला वेग देतो. कच्ची वाट दुरुस्त करण्याची रीत वेगळी आहे आणि ती स्वस्तही आहे : उतारावर ठरावीक अंतराने तिरके दगड बसवून पाणी वाटेबाहेर काढायचे, चढावर स्थानिक काळ्या दगडाच्या पायऱ्या सुक्या रचायच्या, आणि फाटलेली कड काटेरी फांद्या टाकून वर्षभर बंद ठेवायची. सह्याद्रीतील गावकरी गडांच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या अशाच राखत आले आहेत. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही, पहार आणि चार जाणती माणसे लागतात.

यात कारवी या झुडपाची गोष्ट आवर्जून सांगावी लागेल. येथील उतारांवरची कारवी आठ वर्षांतून एकदा एकदम फुलते. २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली आणि त्यानंतर २०२४ मध्ये. फुलोरा पाहायला लोटलेली गर्दी आपण वर्तमानपत्रांत पाहिली असेल. फुलल्यानंतर ते झुडूप वाळते. बोंडे वर्षभर तशीच राहतात आणि पुढच्या पावसाचे पहिले थेंब पडताच तडतडत फुटून बी उधळतात. म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यात त्या बियांतून उगवलेली रोपे आज उतारांवर कोवळी उभी आहेत आणि २०३२ पर्यंत त्यांना फुलायचे नाही. फुले पाहायला येणारा माणूस निदान फुलावर पाय देत नाही; या रोपांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही, ती साध्या रानासारखीच दिसतात आणि फोटोसाठी वाट सोडून चार पावले वर चढणाऱ्याच्या बुटाखाली जातात. कारवीचे उतार जेथे वाटेला लागून आहेत, तेथे पुढची काही वर्षे नुसता दोर बांधला आणि एक साधी पाटी लावली, तरी पुरे आहे. पाटीवर आपले किंवा कोणाचेच छायाचित्र नसावे, अशी आगाऊ विनंती करतो.

आता माणसांविषयी. या जंगलात नवापाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा असे पाडे आहेत. तेथे वारली, महादेव कोळी, कातकरी कुटुंबे राहतात. आश्विन वद्य द्वादशीला आम्ही शहरातील लोक वसुबारस करतो, आदिवासी समाजांत त्याच दिवशी वाघबारस असते. वाघोबाची ठाणी उद्यानाच्या आत आणि आसपास आजही पुजली जातात. बिबट्याशेजारी कसे राहायचे, हे या लोकांना कार्यशाळेत शिकवावे लागत नाही. पुनर्वसनाचा आणि वनहक्कांचा वाद आपल्या खात्यासमोर आहे, न्यायालयांसमोरही राहिलेला आहे, आणि त्याचा निवाडा या पत्रात करण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच दिसते की ज्या माणसाला ठशाच्या कडेवरून वेळ सांगता येते, तो सुट्टीच्या दिवशी प्रवेशद्वाराबाहेर काकडीला मीठ-तिखट लावून विकत बसतो, आणि ज्याला साग आणि ऐन यांतला फरक कळत नाही, तो बासष्ट माणसांचा ‘लीडर’ म्हणून पैसे घेतो.

निसर्ग माहिती केंद्रामार्फत परवानगी घेऊन वाटाड्यासह जाण्याची पद्धत येथे आहे आणि ती चांगली आहे. तिचा विस्तार करावा. प्रत्येक वाटेवर पाड्यातील प्रशिक्षित तरुण-तरुणी असावेत; त्यांना फेरीमागे सुटे पैसे न देता बारमाही वेतन असावे, कारण फेऱ्या असोत वा नसोत, पावसाळ्यात वाटेच्या डागडुजीचे काम सर्वांत जास्त असते. एका वाटाड्यामागे दहा-बारांहून अधिक माणसे नसावीत. एका वाटेवर दिवसाला किती गट सोडायचे, हा आकडा अभ्यासकांनी ठरवावा. तो मी सांगणार नाही आणि, क्षमा करावी, आपणही सांगू नये. तो एकदा ठरला की कोणाच्याही चिठ्ठीने वाढू नये. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींना तुकड्या पाडून वेगवेगळ्या वाटांवर पाठवता येईल. स्पीकरला सरसकट मनाई असावी, आणि ती प्रवेशद्वारावरच अमलात यावी.

नागल्याविषयी थोडे वेगळे म्हणायचे आहे. तेथील वाट भरती-ओहोटीच्या तक्त्यावर चालावी लागेल, कारण ओहोटीशिवाय खाडीचा काठ दिसत नाही. गट आणखी लहान असावेत. आणि कांदळवनात लाकडी पुलावरून फिरवण्याची कल्पना कोणी मांडली, तर आधी हे पाहावे की हाच पट्टा जनावरांच्या येण्याजाण्याचा आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासप्रकल्पात माग काढणारी कॉलर लावलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या २००९ मध्ये माळशेजहून शंभराहून अधिक किलोमीटर चालून वसईची खाडी पार करून या बाजूला आला होता. २०११ मध्ये तो महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. खाडीपलीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे. मधल्या रस्त्यांवरील वाहने आपण कमी करू शकणार नाही, हे मी समजू शकतो. निदान खाडीचा काठ तरी संध्याकाळनंतर माणसांपासून मोकळा राहावा.

शेवटची विनंती वैयक्तिक आहे. जून संपत आला आणि दोन-तीन चांगले पाऊस झाले, की एखाद्या मंगळवारी सकाळी साडेसातला, गाड्यांचा ताफा आणि हार-तुरे प्रवेशद्वारापाशीच ठेवून, पाड्यातील एका वाटाड्याबरोबर आपण दोन तास चालावे. सोबत फार तर चार माणसे घ्यावीत. बूट खराब होतील. सोमवारी उद्यान बंद असते, त्यामुळे मंगळवारी सकाळी वाटेवरच्या चिखलात माणसांच्या आधीचे ठसे सापडण्याची शक्यता जास्त असते.

आपला नम्र,
बोरिवली पूर्व येथील एक निवृत्त रहिवासी