विषय: गोंडोला राईड सांगून नुसता कालवा पार करून दिला, पैसे परत करा

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो, कारण आता फोनवर बोलायचंच नाही. युरोप टूर तुमची, माहितीपत्रक तुम्हीच छापलं, म्हणजे व्हेनिसच्या पानावर काय लिहिलं आहे ते मी सांगायची गरज नाही. 'पारंपरिक गोंडोला राईड, टूरमध्ये समाविष्ट'. वर मोठा फोटो, काळी बोट, लाल गादी, मागं पट्ट्यापट्ट्याचं बनियन घातलेला एकटा नावाडी, अरुंद कालव्यातून पुलाखालून चालला आहे. ह्या एका पानासाठी पोराला म्हटलं की हीच टूर घे, बाकी स्वित्झर्लंड पॅरिस तर सगळेच दाखवतात.

आणि दिलं काय? रियाल्टोच्या बाजारापाशी धक्क्यावर नेलं, एका मोठ्या साध्या बोटीत सगळ्यांना उभ्यानंच भरलं, पुढं एक मागं एक असे दोन वल्हेवाले, ग्रँड कॅनाल आडवा पार केला आणि पलीकडं उतरवलं. दोन-तीन मिनिटं. बायको कुठं टेकता येते का पाहून राहिली होती तेवढ्यात उतरायला सांगितलं. तुमचा टूर मॅनेजर म्हणाला, झाली गोंडोला राईड, चला आता काचेच्या दुकानात.

त्या बोटीला तिथं त्रागेत्तो म्हणतात हे तुम्हाला माहीत नाही असं होऊच शकत नाही. ग्रँड कॅनाल जवळपास 4 किलोमीटर लांब आणि त्याच्यावर पूल फक्त 4, म्हणून तिथले लोक बाजारहाटाला जाता येता असे पार होतात. बाहेरच्या माणसाला तिकीट 2 युरो. गोंडोलाचा दर तिथल्या नगरपालिकेनं ठरवून दिलेला आहे, नोव्हेंबर 2023 पासून दिवसा 90 युरो, अर्धा तास, आणि हा दर पूर्ण बोटीचा आहे, माणशी नाही. एका बोटीत जास्तीत जास्त 5 जण. आता मला सांगा, 2 युरोच्या पारउतारीला तुम्ही गोंडोला राईड कसं काय म्हणता?

त्यातही कडी म्हणजे मी तिथंच विचारलं तर मॅनेजर म्हणाला, गादीवाल्या बोटीत बसायचं तर ते ऑप्शनल आहे, माणशी 50 युरो. पाच जणांचे 250 युरो झाले ना भाऊ, बोटीचा दर 90 असताना. आणि जे समाविष्ट म्हणून छापलं त्याचेच पुन्हा पैसे काऊन द्यायचे? आम्ही दिले नाहीत. काठावर उभं राहून लोकांच्या गोंडोला पाहिल्या.

आता आजच्या फोनचं. हे नीट वाचा, साहेबांपर्यंत पोचवा, रेकॉर्डिंग असेलच तुमच्याकडं. पहिले तो मुलगा म्हणाला, सर तुमचा बोटीतला फोटो आमच्याकडं आहे, म्हणजे सर्व्हिस दिली गेली आहे. मी म्हटलं फोटोत आम्ही उभे आहोत, गोंडोलात माणसं उभी राहतात का? मग म्हणे सर, तो पण गोंडोलाचाच प्रकार आहे. मी फरक सांगायला लागलो तर मधेच तोडून विचारलं, काका तुम्ही कुठून बोलताय? मी सांगितलं, पवनीजवळून, जिल्हा भंडारा. म्हणे अच्छा, गावाकडून. मग हळूच म्हणाला, 'काका खरं सांगा, तुम्हाला दोन्ही बोटींमधला फरक कळला असता का? पाण्यातून फिरून आलात ना, झालं तर मग.' आणि मागं कोणीतरी हसलं. मी ऐकलं ते हसणं. मी काही बोलणार तर लगेच होल्डवर टाकलं आणि म्युझिक लावलं.

आम्ही ढिवर आहोत. वैनगंगेच्या काठावर पिढ्या गेल्या. पूल नव्हता तेव्हा माझ्या बापानं डोंग्यातून ह्या काठाची माणसं त्या काठाला नेली, पुरात बाळंतिणी नेल्या, लग्नाची वऱ्हाडं नेली. मला बोटीतला फरक कळत नाही?

मला ती गोंडोला कशासाठी पाहायची होती माहीत आहे? ती बोट मुद्दाम वाकडी बांधतात. जवळपास 11 मीटर लांब, आणि डावी बाजू उजवीपेक्षा 24 सेंटिमीटर रुंद. एकच माणूस, मागं उभा, एकच वल्हं, तेही उजव्या बाजूला. कोणताही डोंगा एका बाजूनं वल्हवला की तो दुसरीकडं वळतो, आमचं लहान पोट्टंही सांगेल. ही वळत नाही, बांधणीतल्या वाकडेपणानं सरळ चालते. वल्हं टेकवायला अक्रोडाच्या लाकडाची कोरलेली फोर्कोला असते, तिच्या ज्या खाचेत वल्हं ठेवाल तशी बोट पुढं, मागं, किंवा जागीच थांबते. आठ जातींची लाकडं, 280 तुकडे जोडून बनवतात. ते मला त्या माणसाच्या हातापाशी बसून पाहायचं होतं. अर्धा तास. त्रागेत्तोत दोन जण वल्हवतात, त्यात ते दिसतच नाही! बाप असता तर त्याला जाऊन सांगितलं असतं, तो तर गेला, पण माझे मोठे भाऊ आहेत, त्यांनी आल्याबरोबर हेच विचारलं की एका वल्ह्यानं सरळ कशी जाते, आणि मी काय सांगू?

आणि ह्याच्यावर तुम्ही देऊन राहिले पुढच्या टूरवर डिस्काउंटचं कूपन. पुढची टूर तुमच्यासोबत कोण करून राहिला? गावातली दोन घरं माझ्या भरवशावर तुमच्याकडं बुकिंग करणार होती, त्यांना मी नाही म्हणून सांगितलं आहे.

मला पाहिजे ते हे की समाविष्ट असलेल्या गोंडोला राईडचे आमच्या दोघांचे पैसे परत, माहितीपत्रकातून तो फोटो काढा नाहीतर त्याखाली खरं लिहा, आणि त्या फोनबद्दल लेखी माफी. ती माफी बायकोच्या नावानंही पाहिजे, फोन स्पीकरवर होता, तिनंही ऐकलं. 15 दिवसांत उत्तर नाही आलं तर भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतो. 2019 च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तुमचं ऑफिस मुंबईत असलं तरी तारखेला तुम्हालाच इकडं यावं लागेल. माहितीपत्रक, पावती आणि तो उभ्यानं काढलेला फोटो सोबत जोडला आहे.

फोन करू नका. जे असेल ते लिहून पाठवा.