लिंक विकली, हे वाचकाला कोण सांगणार?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पैसे घेऊन लिंक देणाऱ्या ब्लॉगांना सर्च इंजिने मागे ढकलतात, या विषयावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘माझा ब्लॉग, माझी जागा, मी ती कुणालाही विकेन; यात गूगलचे काय जाते?’ असा लेखकाचा एकूण सूर आहे. मीही ब्लॉग चालवतो आणि मीही एकदा लिंक विकली आहे. तरी हा सूर मला पटला नाही. गूगलची वकिली करायलाही मी बसलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गूगलचे काय जाते, ते आधी पाहू. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना जी पद्धत मांडली, तिच्यात एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे त्याच्या बाजूने पडलेले मत. सगळी मते सारखी नाहीत. ज्या पानाला स्वतःलाच भरपूर मते आहेत, त्याच्या मताला वजन जास्त. या हिशेबाचे नाव पेजरँक. लिंक देणारा मनापासून देतो आहे, असे धरले तरच तो जुळतो. पण २००० च्या अखेरीस गूगलनेच ब्राउझरला जोडायचा टूलबार आणला आणि पानापानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा आकड्यात चारचौघांना दाखवायला सुरुवात केली. मग काय, सात आकडा असलेल्या ब्लॉगवरची लिंक महाग, तीनवाल्याची स्वस्त. लिंकांचा बाजार भरला त्यात या आकड्याचाही मोठा वाटा होता, हा मुद्दा आपल्या लेखकाच्या हातून निसटला. उलट त्यांच्या बाजूने तोच सर्वांत भक्कम होता! हा आकडा लोकांच्या नजरेआड जायला २०१६ उजाडावे लागले.

शिक्षेविरुद्ध दाद मागण्याचा प्रयत्न फार पूर्वी होऊन गेला आहे. सर्चकिंग ही अमेरिकी कंपनी चांगला पेजरँक असलेल्या संकेतस्थळांवर पैसे घेऊन जागा मिळवून देई. २००२ मध्ये तिचाच पेजरँक खाली आला आणि ती कोर्टात गेली. पेजरँक हे गूगलचे मत आहे आणि मत मांडण्याला राज्यघटनेचे संरक्षण आहे, असे सांगून ओक्लाहोमातील संघीय न्यायालयाने २००३ मध्ये दावा फेटाळला. म्हणजे आपण ज्याला काट्यावरचे वजन समजत होतो, तो काटेवाल्याचा अभिप्राय निघाला.

शिक्षा सर्वांना सारखी लागते का? यावर लेखकाने बराच संताप व्यक्त केला आहे आणि तो निम्मा रास्त आहे. २००७ च्या अखेरीस पे-पर-पोस्ट या कंपनीमार्फत पैसे घेऊन लिहिणाऱ्या अनेक ब्लॉगरांचा पेजरँक थेट शून्यावर आणला गेला. ही हौशी, एकटीदुकटी माणसे. फेब्रुवारी २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने बाहेर काढले, तेव्हा तिच्या कपड्यांच्या लिंका कपड्यांशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो संकेतस्थळांवर सापडल्या. प्रवासी बॅगांच्या एका शोधात संध्याकाळी पहिल्या क्रमांकावर असलेली ही कंपनी दोन तासांत एकाहत्तरावी झाली. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते, असे कंपनीने सांगितले आणि सल्लागाराला घरी बसवले. ब्लॉगरला घरी बसवायला सल्लागार नसतो, त्याचे घर आणि कचेरी एकच! पण मोठ्यांना हातच लावत नाहीत, हे लेखकाचे म्हणणे मात्र खरे नाही. अगदी ‘आपला तो बाब्या’ असेही झालेले नाही. जपानमधल्या गूगलने ब्लॉगरांना पैसे देऊन लिहून घेतले, तेव्हा २००९ मध्ये मूळ गूगलने त्याचा आकडा नऊवरून पाचवर आणला. २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरच्या जाहिरात मोहिमेत तीच चूक झाली आणि क्रोमचे पान साठ दिवसांसाठी मागे गेले. क्रोमचे त्यामुळे कितीसे बिघडले, हा भाग अलाहिदा.

आता माझी गोष्ट. जुन्या चावीच्या घड्याळांच्या दुरुस्तीवर मी लिहितो. वाचक थोडे, पण चिवट. काही वर्षांपूर्वी एक ईमेल आला: आपला ब्लॉग फार आवडतो (पुढच्याच ओळीत ब्लॉगचे नाव चुकलेले), आपल्या एका जुन्या लेखात आमचे एक वाक्य घालायचे आहे, लिंक डूफॉलो (म्हणजे सर्च इंजिन मत म्हणून मोजेल अशी) हवी, कायमची हवी, आणि ‘प्रायोजित’ असे कुठेही लिहायचे नाही. या शेवटच्या अटीपाशी मी अडखळायला हवे होते. अडखळलो नाही. घड्याळातले तेल सुकल्यावर काय होते, या लेखाच्या मध्यावर, दुरुस्तीचा खर्च परवडत नसेल तर झटपट कर्जाचाही पर्याय आहे, असे एक वाक्य माझ्या नावाने जाऊन बसले. पैसे आले, मी विसरून गेलो.

काही महिन्यांनी एका वाचकाचे पत्र आले. त्यांना वडिलांचे घड्याळ दुरुस्त करायचे होतेच, शिवाय घरातली आणखीही अडचण होती. ‘तुम्ही सुचवले आहे म्हणून विचारतो, तुम्ही तिथून कर्ज घेतले होते का? माणसे भरवशाची आहेत ना?’ मी त्याच दिवशी ते वाक्य काढले आणि त्यांना खरे काय ते लिहून कळवले. उत्तर आले नाही.

कुठल्याही सर्च इंजिनाने मला शिक्षा केली नव्हती. आणि समजा, मी त्यांचा नियम काटेकोर पाळला असता, तर? नियम एवढाच की विकलेल्या लिंकवर खूण करा, म्हणजे सर्च इंजिन ती मत म्हणून मोजणार नाही. २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून नोफॉलो ही खूण आणली, तीही प्रतिक्रियांमधल्या फुकट्या जाहिरातबाजीला आळा घालायला. विकाऊ लिंकांसाठी गूगलची खास ‘स्पॉन्सर्ड’ खूण आली ती २०१९ मध्ये. या दोन्ही खुणा पानामागच्या कोडमध्ये असतात. वाचणाऱ्याला दिसतात ते निळ्या रंगातले तेच शब्द. म्हणजे मी खूण केली असती तर यंत्राचा हिशेब चोख राहिला असता आणि त्या गृहस्थांची फसगत जशीच्या तशी झाली असती. ही शिक्षा मतमोजणी वाचवण्यासाठी आहे, वाचकासाठी नाही, आणि लेखकाने गूगलशी भांडायचे तर ते इथे भांडायला हवे होते.

वाचकाला सांगा, असे सांगणारे नियम नाहीत असे नाही. ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच ब्लॉगरांनाही त्यात ओढले. पण ब्लॉगरांच्या गप्पांत कायद्याचे नाव क्वचितच निघते, रँकिंग जाण्याची धास्ती मात्र रोज असते. तीही आता ओसरत चालली आहे. बनावट आणि विकाऊ लिंका हुडकण्यासाठी २०१२ मध्ये आलेले गूगलचे पेंग्विन हे तंत्र सुरुवातीला अख्खे संकेतस्थळ खाली ओढत असे. २०१६ पासून ते संशयास्पद लिंका बहुतांशी नुसत्या मोजायच्या सोडून देते. विकणारा खूश, घेणारा खूश, मोजणारा ते मत बाजूला टाकून मोकळा. फसतो तो फक्त वाचणारा.

जाता जाता आपल्या वृत्तपत्रव्यवसायाविषयी. २०१३ मध्ये इंटरफ्लोरा या फुलांच्या कंपनीवर कारवाई झाली आणि तिच्या नावाने शोधूनही ती सापडेनाशी झाली. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या अनेक स्थानिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचे आकडेही कोसळले, कारण त्यांनी तिचे जाहिरातवजा लेख लिंकांसह छापले होते. अकराव्या दिवशी इंटरफ्लोरा परत जागेवर होती. नावाजलेल्या संकेतस्थळाचा एखादा कोपरा कूपनवाल्यांना भाड्याने देण्याविरुद्ध गूगलने २०२४ मध्ये वेगळा नियम केला, तोही मुख्यतः बड्या प्रकाशकांना झोंबला.

आपल्या छापील अंकात अशा मजकुराभोवती चौकट असते आणि डोक्यावर ‘जाहिरात’ असे ठळक छापलेले असते. संकेतस्थळावर मात्र तसाच मजकूर बातम्यांच्या रांगेत बसतो आणि तो शब्द अगदी तळाशी, फिक्या करड्या अक्षरांत येतो. घड्याळाचे बारीक स्क्रू पाहायचे भिंग डोळ्याला लावून मी तो वाचला. कोडमधली खूण आपण केलीच असेल. तो शब्दही तळातून उचलून मथळ्याच्या वर, मथळ्याच्याच आकारात ठेवाल का?

आपला,
एक नियमित वाचक