बाबा, बंदूक नाही, ठोकळा

पेन्सिल्व्हेनिया, ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

पिंट्यानं अर्धंच सांगितलं आणि घरभर घोर लावून ठेवला. "ताई तिकडं बंदुकीचं सामान बनवून राहिली" एवढंच ऐकल्यावर आई काय काय बोलली असेल, ते मला इथं बसून ऐकू येतं. तुम्ही फोनवर काही विचारणार नाही, हेही माहीत आहे. म्हणून नीट लिहिते. मी बनवते तो लाकडाचा ठोकळा, काडतुसाच्या पुंगळ्या उभ्या ठेवायचा. त्याला पन्नास भोकं आहेत, बस. नागपुरात लकडगंजच्या कुठल्याही आऱ्यावर मागितला तर 'अगरबत्तीचा स्टँड आहे काय' म्हणून विचारतील.

आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. रेल्वेतून रिटायर झालेले, एकटेच. नोव्हेंबरच्या शेवटी इथं हरणाच्या शिकारीचा हंगाम लागतो. त्यातल्या पहिल्या सोमवारी गावाकडच्या बऱ्याच शाळांना चक्क सुट्टी असते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली. इथं परवाना काढायचा, मारलेल्या हरणाला चिठ्ठी लावायची आणि मांस वर्षभर फ्रीजरमध्ये. मला पटतं असं नाही, पण त्यांच्या घरी ते भाजीबाजारासारखं चालतं.

तर हे गृहस्थ काडतुसं विकत आणत नाहीत. झाडलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवतात, साफ करतात, साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत मोजून बारूद, वर गोळी. स्वतःपुरतं करायला इथं परवाना लागत नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय असं काही केलं तर १९५९ चा शस्त्र कायदा आहेच, म्हणून पिंट्याला सांगा, चौकात ही गोष्ट रंगवून सांगू नको. वाडीचे काका ऑर्डनन्समध्ये, म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यांना विचारा, ते एका वाक्यात समजावतील: अंबाझरीला तोफगोळ्याचं नुसतं कवच बनतं, भरणं भद्रावतीला चांदा फॅक्टरीत. इथं ही दोन्ही कामं एकाच टेबलावर होतात, आणि माझा संबंध फक्त टेबलावरच्या लाकडाशी.

ठोकळा कशाला लागतो, तेही सांगते, कारण तुम्हाला कामाचं कारण कळल्याशिवाय काम आवडत नाही. पुंगळी उंच आणि बुडाला अरुंद. टेबलावर नुसती उभी केली तर कोपर लागलं की आडवी, बारूद सांडलं. बाजारात प्लास्टिकच्या ताटल्या मिळतात, पण त्या हलक्या, सरकतात. लाकूड जड असतं, बसलं की बसलं. आणि खरं कारण वेगळंच आहे. बारूद न भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात तोंड खाली करून उभ्या ठेवतात. एकेक उचलायची, भरायची, तोंड वर करून परत ठेवायची. म्हणजे मध्येच दार वाजलं तरी कोणती भरली, कोणती राहिली, ते ठोकळाच सांगतो. सगळ्या भरून झाल्या की गोळी बसवायच्या आधी बॅटरीचा उजेड तिरपा टाकून रांगेनं आत बघायचं. सगळ्यांत बारूद एका पातळीला दिसलं पाहिजे. एकीत दुप्पट पडलं तर बंदूक फुटू शकते. एकीत पडलंच नाही तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते आणि मागून दुसरी झाडली की संपलं. भरताना ते रेडिओ बंद करतात, फोन बाहेर ठेवतात, टेबलावर बारुदाचा एकच डबा. मी दारात उभी राहिले तरी बोलत नाहीत. मला तो माणूस त्यामुळेच आवडतो.

आता लाकूड. इथलं मेपल वापरलं, पांढरट, घट्ट, रेषा बारीक. रंध्याला चिवट आहे, सागवानासारखं लोण्यावाणी निघत नाही. मी दीड इंच जाडीची फळी घेतली. त्यांच्या रायफलीचं काडतूस १९०६ सालच्या नमुन्याचं, नुसत्या पुंगळीची लांबी अडीच इंचाला जरा कमी, बुडाचा व्यास १२ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या हिशेबानं चार सुताचं, अर्ध्या इंचाचं भोक, सहा सूत खोल. व्यासात पाऊण मिलिमीटरच्या आत फट राहते, तेवढीच हवी. घट्ट भोक केलं तर हिवाळ्यात हीटरनं लाकूड आक्रसतं आणि पुंगळी धरून ठेवते. मग ओढताना झटका बसतो. सैल केलं तर झुकते, आत बारूद तिरपं होतं आणि उजेडात पातळीचा अंदाज चुकतो. दोन भोकांच्या मधोमध ते मधोमध सात सूत. पाच ओळी, दहाच्या. ठोकळा सव्वानऊ इंच लांब, पावणेपाच रुंद झाला.

आखणीला रेष मारायचा खतकस आणि गुण्या, दुसरं काही नाही. प्रत्येक काटछेदावर आधी टोचा मारायचा, नाहीतर गिरमिट रेषेवर घसरतं, हे तुमचंच. पण भोक साध्या गिरमिटानं नाही पाडलं. त्याचं तळ शंकूसारखं होतं, पुंगळी त्यावर डुगडुगते. इथं एक सपाट तळाचं बिट मिळतं, मधे बारीक टोक आणि कडेला धार. तळ परातीसारखा सपाट निघतो. उभ्या ड्रिल मशीनला खोलीचा अडसर लावला की पन्नासही एकाच खोलीवर थांबतात. मेपल जळकं आहे, बिट थांबवलं की काळं पडतं, म्हणून थोडं खाली, वर उचलून भुसा झाडायचा, परत खाली. शेवटी प्रत्येक तोंडाला अगदी हलका उतार दिला, म्हणजे पुंगळी चाचपडावी लागत नाही, आपसूक आत जाते. ते काम हातानं केलं. मशीननं एकसारखं येतं, पण हाताला कळतं कुठं थांबायचं. (तुम्ही हसाल, पण हे वाक्य मी इथल्या ड्रिलवाल्यालाही ऐकवलं.)

ज्याच्याकडे ड्रिल मशीन नाही, तो पातळ फळीत आरपार भोकं पाडतो आणि खाली प्लाय चिकटवतो. तळ आपोआप सपाट. युक्ती चांगली आहे, पण जोडाच्या फटीत बारुदाचा कण अडकतो आणि निघत नाही. मला एकसंध लाकूडच बरं वाटतं.

पॉलिश नाही केलं, जवसाचं तेल दिलं. इथं उकळलेलं डब्यात मिळतं. म्हाताऱ्यांनी मला बारुदापेक्षा जास्त ताकीद दिली ती तेलाच्या चिंधीची. बोळा करून टाकली की आपोआप तापून पेट घेते. मी त्या चिंध्या कुंपणावर पसरून वाळवते, शेजारपाजारचे लोक बघतात. तुमच्याकडे दुकानात कोपऱ्यात तेलाच्या चिंध्यांचा ढीग असतो ना, तो आजच उचलायला लावा. हे मात्र गंमत म्हणून वाचू नका.

त्यांनी पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. मग त्यांच्या आवारात वादळात पडलेल्या चेरीच्या झाडाची एक फळी दिली. वाळवून ठेवलेली, अजून फिकट आहे, उन्हानं हळूहळू लाल-तपकिरी होते म्हणे. ती बघून मला एकच सुचलं. आमच्या बारक्याला पुढच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल करायचा. इथल्या मंडळात सगळी पोरं प्लास्टिकचे घेऊन येतात.

तर तुम्ही जो बैल पिंट्यासाठी केला होता, तो माळ्यावर असेलच. त्याचा बाजूनं फोटो पाठवा, पण शेजारी गुण्या ठेवून, म्हणजे मला माप काढता येईल. वशिंडाची उंची आणि चाकाच्या दांड्याचं भोक किती सुताचं, ते वेगळं लिहा. शिंगं वेगळी बसवली होती की एकाच लाकडातली, ते मला आठवत नाही. आईला सांगा, रायफलीला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर पिंट्याला इतवारीत पाठवा, तो टाळाटाळ करून राहिला असेल.

तुमची,
मोठी