दंडाज्ञा वेगळी, शिस्त वेगळी : बायबल वर्गाच्या बाईंना आभाराचं पत्र

सांगली

आदरणीय बाई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुम्ही आता वर्ग घेणं थांबवलंत, त्या निमित्ताने हे उघडं पत्र. आभार मानायचे आहेत ते एका गोष्टीचे. ‘देवाचा न्याय’ म्हणून मंडळीत (चर्चमध्ये) जे सगळं एकात एक मिसळून सांगितलं जातं, ते तुम्ही सोडवून दाखवलंत.

दंडाज्ञा म्हणजे पापासाठी दोषी ठरवून दिलेली शिक्षा; तिचा प्रश्न ख्रिस्तामध्ये असलेल्यांपुरता मिटला आहे. रोमकरांस 8:1 आणि योहान 5:24 तुम्ही आमच्याकडून पाठच करून घेतलेत. ख्रिस्ताचं न्यायासन ही निराळी बाब. तिथे विश्वासणाऱ्याच्या कामाची पारख होते. पाया एकच, ख्रिस्त. त्यावर कुणी सोनं, रुपं, मोलाचे दगड रचतो, तर कुणी लाकूड, गवत, पेंढा. काम जळालं तर तोटा होतो, पण माणूस स्वतः तरतो, आगीतून निसटल्यासारखा (1 करिंथ 3:10-15). आणि शिस्त चालते ती आत्ता, या आयुष्यात, बाप लेकराला लावतो तशी (इब्री 12). हे तीन एक केले की माणूस दोनपैकी एका बाजूला कलंडतो. एक तर प्रत्येक दुखण्यात त्याला देवाचा राग दिसतो, नाहीतर ‘तारण झालंय, आता कशाला भ्यायचं’ म्हणत तो सैल पडतो. आपल्याकडे पहिला प्रकार जास्त.

2019 च्या महापुरासारखं संकट आलं की ‘कुणाच्या पापाचं हे फळ’ असा प्रश्न हमखास निघतो. तुमचं उत्तर लूक 13 मध्ये असे. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांहून जास्त अपराधी होती काय? येशू म्हणतो, नाही. पण पुढच्याच वाक्यात तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब मांडायचा नाही, स्वतःचा मांडायचा. सांत्वनाला जाणाऱ्यांनी एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

योहान 15 शिकवायला तासगाव भागातल्या लोकांपुढे तुम्हाला फार बोलावंच लागत नसे. पिता छाटतो तो फळ देणारा फाटा, हे द्राक्षबागाईतदाराला वेगळं समजवायची गरज नाही. एप्रिलच्या खरड छाटणीने लगेच घड येत नाहीत. त्या हंगामात काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत, म्हणजे कळ्यांत, पुढचं फळ धरतं. घड दिसतात ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. शिस्त त्या वेळी दुःखाचीच वाटते, नीतिमत्त्वाचं फळ मागाहून येतं, हे इब्री 12:11 त्याच क्रमाने सांगतं. आम्हाला यात एक पुस्ती जोडावीशी वाटते. बागेत सगळ्या वेली एकाच सुमाराला छाटतात; देव तसं करत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या छाटणीवरून आपलं वेळापत्रक काढू नये.

सगळ्यात उपयोगी पडली ती प्रभुभोजनाआधीची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी-प्याला घेण्याआधीची, आत्मपरीक्षा. ती शुक्रवारी रात्री करायची, म्हणजे कुणाकडे जाऊन काही मिटवायचं असेल तर शनिवार हाती राहतो. आधी स्तोत्र 139:23-24 सावकाश वाचायचं. मग बोलणं, पैसा आणि नाती, याच क्रमाने कागदावर उतरवायचं. लिहायची ती कृती, भावना नव्हे. ‘मी वाईट आहे’ लिहून काहीच हलत नाही. ‘मजुराचे दोन दिवसांचे पैसे अडवले’ लिहिलं की काय करायचं ते कळतं. पैसे अडवले असतील तर ते परत द्यायचे. लेवीय 6:5 मध्ये वर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितलं आहे, येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट देतो म्हणाला. माणूस दुखावला असेल तर अर्पणाआधी त्याच्याकडे जायचं (मत्तय 5:23-24). शेवटी 1 योहान 1:9 वाचून पापं कबूल करायची आणि कागद फाडून टाकायचा. ठेवला की पुढच्या महिन्यात तीच यादी उगाळली जाते.

इथे बिघडतं कुठे, तेही तुम्ही सांगितलंत. ‘मी अपात्र’ म्हणून भाकरी-प्याला न घेता पुढे सरकवणारे आपल्या मंडळ्यांत आहेत. पण पौल म्हणतो, परीक्षा करावी आणि मग खावं (1 करिंथ 11:28). करिंथच्या मंडळीत अयोग्य होती ती वागण्याची रीत : कुणी आधीच जेवून घेई, कुणी भुकेला राही, कुणी पिऊन झिंगे. तुम्ही दिलेली एक खूण तर रोजच्या कामाची आहे. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा नेमकी गोष्ट आणि पुढचं पाऊल दिसतं. नुसती धूसर, न संपणारी टोचणी असेल तर ती 2 करिंथ 7:10 मधल्या जगाच्या दुःखाकडे झुकते. सगळंच इतकं स्वच्छ वेगळं करता येतं असं नाही, विशेषतः आजारी किंवा खचलेल्या माणसाला. त्याच्यापुढे कागद ठेवू नये, शेजारी बसावं.

एका बाबतीत तुमचा नियम आम्ही मोडतो. लिहिता न येणाऱ्या आजींना आम्ही कागदाची सक्ती करत नाही. याकोब 5:16 प्रमाणे त्या विश्वासातल्या एकीजवळ बोलतात आणि दोघी मिळून प्रार्थना करतात. बाकी क्रम तुमचाच. नव्या मुलांसाठी 2 पेत्र 1:5-7 वरचा धडा पुढे आहे. विश्वासाला जोडायच्या सात गोष्टींपैकी इंद्रियदमनावर तुम्ही जास्त वेळ देत होतात, तसाच आम्हीही देणार आहोत. त्या धड्याची तुमची टिपणं असतील तर पाठवावीत, आम्ही झेरॉक्स काढून मूळ परत करू.

आपले कृतज्ञ,
बायबल वर्गातील शिक्षक