चालक प्यायलेला होता, यात जखमीचा काय दोष?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दारूच्या नशेत गाडी चालवून कुणी कुणाला उडवले, की चालकाची अटक, रक्तातील मद्याचे प्रमाण आणि जामीन यांच्या बातम्या सविस्तर येतात. जखमी माणसाच्या भरपाईचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच छापून येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा दंड सरकारजमा होतो. जखमीला आपल्या नुकसानीसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कलम 166 खाली वेगळा दावा करावा लागतो. तेथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही आणि चालक त्या खटल्यातून सुटला तरी केवळ तेवढ्यावरून दावा बुडत नाही.

माझ्या धाकट्या भावाचा असा दावा सध्या चालू असल्याने त्यातली एक विसंगती जवळून पाहण्यात आली. चालकाच्या रक्ततपासणीचा अहवाल आमच्या वकिलांनी निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून दाखल केला. त्यावर निशाणी (न्यायालयाने पुराव्याच्या कागदाला दिलेला क्रमांक) पडली आणि पुढच्या तारखेला विमा कंपनीच्या वकिलांनी तीच निशाणी हातात धरून सांगितले की, चालक नशेत असल्याने पॉलिसीच्या अटींचा भंग झाला आहे, सबब कंपनीवर रक्कम देण्याची जबाबदारी येत नाही. म्हणजे चालकाचा अपराध जितका स्पष्ट, तितके जखमीचे पैसे अधांतरी!

कंपनीचा हा बचाव हवेतला नाही, हे मान्य केले पाहिजे. कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम 150 मधील विमा कंपनीला उपलब्ध बचावांत नशेत वाहन चालवण्याचाही उल्लेख आहे. कंपनी आणि वाहनमालक यांच्यातील हिशेबापुरता तो रास्तही म्हणता येईल. परंतु पॉलिसी ज्याने घेतली नाही, जिच्या अटी ज्याने कधी वाचल्या नाहीत, त्या रस्त्यावरच्या माणसाविरुद्ध तो वापरला जाऊ लागला, तर तृतीय पक्ष विमा, म्हणजे वाहनामुळे इतरांना होणाऱ्या हानीसाठीचा विमा, सक्तीचा करण्याला अर्थ काय राहिला? कंपनीने आधी जखमीला रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून किंवा चालकाकडून वसूल करावी, ही वाट न्यायालयांनी अनेकदा दाखवली आहे. मद्यपी चालकाच्याच प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तसा निर्णय दिला. तरीही तो मुद्दा दरवेळी नव्याने मांडला जातो, त्यावर युक्तिवाद होतात, तारखा पडतात आणि तोवर शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज जखमीच्या घरच्यांनी भरायचे. वसुलीसाठी मालकाच्या मागे लागण्याचे बळ कंपनीकडे असते, कुबड्या घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्याकडे नसते.

दुसरी अडचण अपंगत्वाच्या टक्केवारीची. प्रमाणपत्रावर एका पायाचे 30 टक्के अपंगत्व लिहिले असेल, तर कमाईचे नुकसानही तेवढेच किंवा त्याहून कमी धरावे, असा आग्रह धरला जातो. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केले आहे की, त्या अपंगत्वाचा त्या माणसाच्या कामावर प्रत्यक्ष काय परिणाम झाला, हे पाहायला हवे. गुडघा न वाकणारा हिशेबनीस टेबलाशी बसून काम करू शकेल; माझा भाऊ फिटर आहे, त्याला दिवसभर उकिडवे बसावे लागते. मालकाने त्याला कामावर घेतले, पण सुटे भाग मोजायला, आणि पगारही त्याच हिशेबाने.

केंद्र सरकारने कलम 150 मध्ये एक वाक्य घालावे: नशेचा बचाव सिद्ध झाला तरी जखमीला द्यायची रक्कम कंपनीने आधी न्यायाधिकरणात भरावी आणि वसुलीचे पुढे पाहावे. वार्ताहरांनीही अशा बातमीत दाव्याची मुदत सांगावी, कारण 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची तरतूद लागू झाली आहे आणि प्लास्टर, फिजिओथेरपी यांतच ते महिने निघून जातात. पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठवायचा सविस्तर अपघात अहवालही दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो, ही माहिती आम्हाला पोलीस ठाण्यात कुणी आपणहून दिली नाही. तो पाठवला गेला की नाही, हे विचारून त्याची प्रत घरच्यांनी मागून घ्यावी.

आपला,
एक नियमित वाचक