कार्बन जातो कुठे?

प्रिय सई,

ई. कोलाय या जिवाणूत ॲसिटिल-कोए कार्बॉक्सिलेजचे, म्हणजे फॅटी ॲसिड बनवण्याची पहिली पायरी चालवणाऱ्या विकराचे, चारही उपघटक वाढवलेस, तरी फॅटी ॲसिड जेमतेम हललं म्हणून हिरमुसलीस. मला त्यात नवल वाटलं नाही. ई. कोलायला चरबी साठवायची नसतेच, तिला पेशीच्या पटलापुरतीच फॅटी ॲसिडं लागतात. गरज भागली की लांब साखळ्या एसीपी या वाहक प्रथिनाला चिकटून राहतात, आणि हीच ॲसिल-एसीपी मागे जाऊन तुझ्या कार्बॉक्सिलेजला आवरते. साखळी बांधणाऱ्या फॅबएच आणि फॅबआय या विकरांनासुद्धा. म्हणजे तू मागून ढकलतेयस आणि पुढचं दार बंद.

तेव्हा आधी साखळी एसीपीवरून सोडव. टेसए हे थायोएस्टरेज (साखळी तोडून सोडवणारं विकर) पेशीकडे असतंच, पण ते राहतं दोन पटलांमधल्या पोकळीत, जिथे ॲसिल-एसीपी पोचतच नाही. त्याचा सुरुवातीचा संकेत-पेप्टाइड (त्याला त्या पोकळीत धाडणारा तुकडा) वगळून जनुक घातलंस की ते पेशीद्रवातच थांबतं आणि मुक्त फॅटी ॲसिड साचू लागतं. 12 कार्बनचं हवं असेल तर कॅलिफोर्निया बे लॉरेलचं थायोएस्टरेज घे. जीवरसायनशास्त्रज्ञ क्रोनन यांच्या गटाने 2000 साली कार्बॉक्सिलेज आणि टेसए एकत्र वाढवले. मॅलोनिल-कोए (कार्बॉक्सिलेज बनवतं तो साखळीचा कच्चा माल) शंभरपट झालं, फॅटी ॲसिड बनण्याचा वेग मात्र सहापटच. अडचण तिथून उठून पुढच्या पायरीवर जाऊन बसली असणार.

फॅटी ॲसिड मोडायला लागणारं फॅडडी किंवा फॅडई जनुक काढायला विसरू नकोस, नाहीतर पेशी तुझं सगळं उत्पादन बीटा-ऑक्सिडेशनमध्ये जाळून टाकेल.

आता हिशेब. एका पामिटिक आम्लाला (16 कार्बनचं फॅटी ॲसिड) 8 ॲसिटिल-कोए (प्रत्येक दोन कार्बन पुरवतो), 7 एटीपी (पेशीचं ऊर्जाचलन) आणि 14 क्षपणक रेणू (इलेक्ट्रॉन पुरवणारे) लागतात. ग्लुकोजच्या एका रेणूतून ॲसिटिल-कोए मिळतात दोनच, म्हणून 4 ग्लुकोज. त्यातल्या 24 कार्बनपैकी 8 कार्बन डायऑक्साइड होऊन उडतात. म्हणजे ग्रॅमभर ग्लुकोजमागे फार तर 0.36 ग्रॅम पामिटिक आम्ल, तेही पेशी अजिबात वाढली नाही तर! म्हणून नुसतं लिटरमागे किती ग्रॅम मिळालं ते सांगू नकोस, ग्लुकोज किती खर्ची पडलं तेही सांग. (लोक ते सोयीने गाळतात.)

मुक्त फॅटी ॲसिड फार साचलं की पटलंच कमकुवत होतात. तेव्हा ओडी (माध्यमाचा गढूळपणा, म्हणजे पेशींच्या वाढीचं माप) घसरली तर आधी जिवंत पेशी मोज, मग प्रमोटरला (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) दोष दे.

पुढच्या खेपेला रिकाम्या प्लास्मिडचा (जनुक न घातलेल्या डीएनए-वर्तुळाचा) कंट्रोल सोबत लाव आणि माध्यमातलं ॲसिटेट मोज, कार्बन तिकडेही निसटतो. आकडे आले की क्रोमॅटोग्रामसकट पाठव, आपण दोघी बसून बघू.

तुझी,
आई