दिवसाची लाईट हवीच, गायरानही हवंच : ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, सविनय नमस्कार.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं रात्रीचं भरणं केलं, म्हणजे रात्री उठून पिकाला पाणी दिलं. गेल्या वर्षी त्यांच्या फिडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीला येणाऱ्या वीजवाहिनीला, सौर प्रकल्पाची वीज जोडली गेली आणि शेतीची थ्री फेज लाईट सकाळी येऊन संध्याकाळी जायला लागली. तरी पुढचे आठ-दहा दिवस ते रात्री साडेबाराला उठून बसायचे. आई म्हणायची, "झोपा, लाईट दिवसाची झालीय आता." ते "हो" म्हणायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि थोडा वेळ तसेच अंथरुणावर बसून राहायचे. या पत्रात मला एक गाऱ्हाणं मांडायचं आहे, आमच्या गावच्या गायरानावर, म्हणजे सामाईक चराऊ जमिनीवर, येणाऱ्या सौर प्रकल्पाचं; पण आधी या गोष्टीसाठी मनापासून आभार मानते.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातली शेतकरी. माहेर शेजारच्या तालुक्यातलं. दोन्हीकडे कांदा, ज्वारी, थोडा ऊस, आणि दोन्हीकडे पाण्याची मारामार. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची, हा पाळणा मी लहानपणापासून पाहिला. पौषातल्या थंडीत अनवाणी चिखलात उभं राहायचं, खोरं दोन्ही हातांत म्हणून बॅटरी दातांत धरायची, एक वाफा भरला की दारं मोडून दुसऱ्यात पाणी घ्यायचं. बाराला आलेली लाईट दोनला गेली तर ती परत येईपर्यंत बांधावर बसायचं, कारण घरी गेलं आणि ऑटोवर मोटर चालू झाली तर एकाच वाफ्यात पाणी तुंबून कांदा सडतो. पुरुषमाणूस एकटा नको म्हणून बायकाही सोबत जातात. मी सातवीत असल्यापासून बॅटरी धरायला गेले आहे. जुन्नर, शिरूर, संगमनेर, पारनेर या पट्ट्यात आता उसाच्या कडेला रात्री पाणी धरणं म्हणजे बिबट्याच्या वाटेत उभं राहणं झालंय. आणि बिबट्या निदान दिसतो तरी. माझ्या चुलतभावाला घोणस चावली ती रात्री दोन वाजता, कांद्याच्या वाफ्यात. तो वाचला, पण किडनीवर परिणाम झाला आणि महिनाभर डायलिसिस करावं लागलं. त्यासाठी विकलेलं अर्धा एकर रान परत आलेलं नाही.

म्हणून सौर कृषी वाहिनीकडे, म्हणजे सबस्टेशनजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीला दिवसा वीज देण्याच्या या कामाकडे, मी केवळ सरकारची एक योजना म्हणून पाहू शकत नाही. हवामान बदलावरची भाषणं मी ऐकली आहेत. आम्हाला ती नवी नाहीत, कारण २०१४ च्या फाल्गुनातली गारपीट आम्ही पाहिली आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच कायम दुष्काळी जिल्ह्यात शेतं वाहून जातानाही पाहिली. पण हवामानासाठी केलेलं काम आणि शेतकऱ्याची रात्रीची झोप एकाच तारेवर आलेली मी पहिल्यांदाच पाहतेय.

हे जमलं कशामुळे, ते मी माझ्यापुरतं समजून घेतलं. दिवसा कारखान्यांना आणि शहरांना वीज लागते. कोळशाची वीज मात्र रात्रीही तयार होत राहते, चंद्रपूर-कोराडीचे संच काही दिव्यासारखे चालू-बंद करता येत नाहीत. ती उरलेली रात्रीची वीज इतकी वर्षं आमच्या विहिरींवर सोडली गेली. आता सूर्याची वीज नेमकी दिवसा तयार होते. शहराला संध्याकाळी सातला दिवा लागतोच, म्हणून तिथं सौर वीज साठवायला महागड्या बॅटऱ्या हव्यात. विहिरीवरच्या मोटरीला तसं काही लागत नाही. तिला दहा वाजता वीज द्या नाहीतर दोन वाजता, पाणी तेवढंच उपसलं जातं, आणि साठवायचंच झालं तर शेततळं आहे. शिवाय सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत वीज तयार झाली की लांबून तारेवरून येताना वाया जाणारी वीज वाचते. युनिटला तीन रुपयांच्या आसपास ही वीज पडते. एवढ्या सरळ हिशोबाची गोष्ट सरकारी कामात क्वचित सापडते, आणि १६,००० मेगावॅटचं लक्ष्य ठेवून ती करायला घेतली याचं मला मोल आहे. २०१७ साली या योजनेचे पहिले दोन प्रयोग झाले, त्यांतला एक आमच्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा आणि दुसरा यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीचा. त्यामुळे इथल्या लोकांना ही योजना ओळखीची आहे. तिला विरोध करणारं आमच्या गावात कोणी नाही, हे आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको.

माझ्या माहेरी प्रकल्प झाला तो सात शेतकऱ्यांच्या मुरमाड रानावर. सातबाऱ्यावर पोटखराबा लागलेली, बाजरीसुद्धा धड न येणारी जमीन. योजनेप्रमाणे त्यांना हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं आणि ते दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढतं. त्यांतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याची मुलं पुण्यात असतात. त्या दोघांना पहिल्यांदाच दर महिन्याला कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

माझ्या सासरी मात्र प्रकल्प येतोय तो गायरानावर. फाल्गुनात मोजणी झाली आणि बासष्टपैकी चाळीस एकरांच्या कडेनं खुणेचे दगड रोवले गेले.

साहेब, महसुलाच्या कागदावर गायरान म्हणजे पडीक. मोकळी, सरकारी, वादात नसलेली, सबस्टेशनला जवळ. प्रकल्प करणाऱ्याला याहून सोयीची जमीन मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण आषाढात या आणि ते पडीक पाहा. पवन्या आणि मारवेल गुडघ्याएवढा झालेला असतो, कडेला कुसळी. आमच्या गावात धनगरांची अकरा घरं आहेत, मेंढरं सातशेच्या घरात. दिवाळी झाली की ती घाट उतरून कोकणात जातात आणि मृगाच्या आसपास परत येतात. मग आषाढापासून दिवाळीपर्यंत, सगळ्यांच्या रानात पिकं उभी असताना, त्यांना चरायला एवढी एकच जागा असते. ती गेली तर मेंढरं विकण्यावाचून दुसरा मार्ग नाही. आणि मेंढरं गेली की आमच्या रानात बसवायला कळप राहत नाही, लेंडीखत मिळत नाही, म्हणजे युरियाची गोणी वाढली. शिवाय दोन-दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या नावावर गुंठाही जमीन नाही, म्हणून भाड्याच्या हिशोबात त्या कुठेच नाहीत. कृषिपंप नाही, म्हणून दिवसाच्या लाईटच्या हिशोबातही नाहीत.

ग्रामसभेचा ठराव आहे, असं मला सांगितलं गेलं. ठराव आहे, खरं आहे. मी तो वाचला. तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेतला आहे. २६ जानेवारीला आमच्या धनगरवाडीत दाराला कड्या असतात. माणसं, पोरं, घोडी, मेंढरं सगळी कोकणात. त्या दिवशी सभेला असलेल्यांनी हात वर केले, त्यांत माझे स्वतःचे दीरही होते, आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. दिवसाची लाईट कोणाला नको? पण ज्यांचं सगळ्यात जास्त जाणार होतं, त्यांच्यातलं एकही माणूस त्या दिवशी गावात नव्हतं. मी चार महिने याचाच विचार करतेय. यात नियम कुठे मोडलेला दिसत नाही, तरी अन्याय झालेला आहे, आणि म्हणूनच तो खालच्या पातळीवर कोणाला दाखवता येत नाही. नियमातच बदल करावा लागेल, म्हणून पत्र तुम्हाला लिहिलं.

२०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात, जगपाल सिंग प्रकरणात, गावाच्या सामाईक जमिनी राखायला सगळ्या राज्यांना बजावलं. त्यानंतर त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या राज्यानेही गायरानांबद्दल शासन निर्णय काढला. सार्वजनिक कामाची वाट त्यात मोकळी आहे आणि सौर वीज हे सार्वजनिक काम आहे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. तरी माझा एक साधा हिशोब बघा. हेच चाळीस एकर, म्हणजे सोळा हेक्टर, शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतले असते तर गावात दरवर्षी वीस लाख रुपये आले असते, वाढत्या दराने, पंचवीस वर्षं. गायरान नाममात्र भाड्यावर जातं. ग्रामपंचायतीला मिळतात वर्षाला पाच लाख, तेही तीन वर्षं. म्हणजे गावाच्या मालकीची जमीन वापरली तर गावाला एकूण पंधरा लाख, आणि खाजगी जमीन वापरली तर एकाच वर्षात त्याहून जास्त. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात. सबस्टेशनच्या आजूबाजूला तेवढा पोटखराबा आमच्याकडे नक्की आहे. मी स्वतः नऊ शेतकऱ्यांना विचारलं, सहा जण आज द्यायला तयार आहेत. त्यांना विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं.

आणि गायरानच घ्यावं लागलं, दुसरा उपायच नसला, तर निदान कुंपणाचं दार बंद करू नका. सौर प्लेटांच्या रांगांमध्ये मेंढरं चारण्याची पद्धत ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत रुळलेली आहे. गवत वाढून प्लेटांवर सावली येऊ नये म्हणून नाहीतरी माणसं लावून ते कापावं लागतं किंवा औषध फवारावं लागतं. मेंढरू ते काम चरता चरता करतं. शेळीचं मी म्हणत नाही, शेळी वर चढते आणि वायरही चावते. पण मेंढरू खाली मान घालून चरणारं जनावर आहे. प्लेट जमिनीपासून थोडी उंच बसवली आणि वायरी झाकून घेतल्या तर जागा दोघांनाही पुरते. करारात एक कलम टाकायचं काम आहे : आषाढ ते दिवाळी, गावातल्या मेंढपाळांना चराईचा हक्क. प्लेटा धुवायला पाणी कुठून आणणार हेही त्याच करारात लिहून घ्या, कारण चैत्रात आमच्याकडे टँकर येतो.

शेतावरच्या एकट्या सौर पंपांबद्दल थोडक्यात. ज्यांच्या रानात खांबच पोचला नव्हता त्यांच्यासाठी तो पंप फार मोठी गोष्ट आहे. दहा टक्के भरून मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांत. अडचण येते ती वादळात प्लेटा वाकल्यावर. कांदा चार दिवसांत माना टाकतो आणि दुरुस्तीचा माणूस महिन्यानं येतो. तालुक्याला एक दुरुस्ती केंद्र, आयटीआय झालेल्या गावच्याच पोरांच्या हाती, एवढं केलं तरी निम्मा त्रास संपेल.

पाण्याची काळजी मात्र थोडक्यात आटपत नाही. रात्रीची लाईट कितीही वाईट असली तरी तिनं एक काम नकळत केलं : उपसा आवरून धरला. आता दिवसाचे आठ तास खात्रीची लाईट, तीही साडेसात एचपीपर्यंत बिलाशिवाय. माझ्या माहेरी पहिल्याच वर्षात ऊस वाढला. दोन नव्या बोअर पाडल्या गेल्या, त्यांतली एक माझ्या भावाची. त्याला मी बोलले, तो म्हणाला, मी नाही उपसलं तर शेजारचा उपसेल. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हा प्रश्न सोडवून दाखवलाय. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरवतात, आणि शेतीसाठी बोअरला बंदी आहे. फिडरवर सौर वीज जोडायच्या आधी त्या फिडरखालच्या गावांचा असा ताळेबंद ग्रामसभेत वाचला जावा. तुमचं खातं वेगळं, जलसंधारणाचं वेगळं, हे मला माहीत आहे. विहीर एकच आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. गायरानाचा ठराव ज्या ग्रामसभेत होईल ती मेंढपाळ गावात असतानाच्या काळातली असावी, एवढं एक वाक्य योजनेच्या नियमांत यावं. आमच्या गावापुरतं म्हणायचं तर २६ जानेवारीचा ठराव येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसमोर परत ठेवायला सांगा, आणि तोवर चाळीस एकरांना कुंपण पडू देऊ नका. सहा शेतकऱ्यांचे गट क्रमांक आणि संमतीपत्रं मी या पत्राच्या प्रतीसोबत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहेत. त्या सभेत काही लोक गायरान द्या म्हणतील, काही नको म्हणतील. जे ठरेल ते मला मान्य असेल, माझ्या मनाविरुद्ध असलं तरी.

मृग तोंडावर आलाय. पुढच्या पंधरवड्यात मेंढरं घाट चढायला लागतील. दगड कुठे कुठे रोवलेत हे अजून त्यांना कोणी कळवलेलं नाही. ते सांगायला मी धनगरवाडीत जाणार आहे, आणि तेव्हा १५ ऑगस्टची तारीखही सांगता यावी अशी फार इच्छा आहे.

आपली,
पारनेर तालुक्यातली एक शेतकरी